भाषणाचा मतलब

गावात मराठीचा मास्तर असणं म्हणजे साऱ्या गावाच्या वाट्याची भाषणं आपण पचवणं. सभा संपली की माणसं मंडपातून सुटतात अन् मी पानठेल्यावर सापडतो. "मास्तर, सायबाच्या भाषनाचा मतलब काय निंघाला?"

आमच्या अमरावती जिल्ह्यात भाषणाची सुरुवात ठरलेली. तुकडोजी महाराज, गाडगेबाबा, पंजाबराव देशमुख. तिघंही इथलेच, म्हणून वक्ता घरचा हक्क सांगतो. तुकडोजींच्या ग्रामगीतेचे अध्याय ४१, पण वक्ता पहिल्याच्या पुढे गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. वक्त्यांनी बाबांचं नाव घेतलं, फोटोपुरता खराटा घेतला. प्रश्न तेवढे सोडून दिले.

परवाच्या सभेत विषय शेतात जायच्या पांदण रस्त्याचा. पावसाळ्यात तिथं बंडी फसली की बैल सोडून घरी यायचं, एवढा तो रस्ता. साहेब म्हणाले, "मागणी लावून धरण्यात आली आहे. लवकरच काम हाती घेण्यात येईल." टाळ्या. बाजूला शेजारची बुढीमाय वाती वळत बसली होती. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. हळूच विचारते, "मास्तर, कोन करीन म्हने थो?"

मग मी उरलेलं भाषण कान देऊन ऐकलं. मंजूर करण्यात येणार, सुरू करण्यात येणार, पूर्ण करण्यात येणार. कर्ता मात्र शेवटपर्यंत मंचावर आलाच नाही. परीक्षेत अशा वाक्याला मी 'कर्मणी प्रयोग' म्हणून पूर्ण मार्क देतो.

पानठेल्यावर तोवर भाषणाचे चार पाठ तयार. एक म्हणे पांदण मंजूर झाली, दुसरा म्हणे फक्त मोजणी, तिसऱ्यानं नळयोजनाच ऐकलेली. चौथा जेवणाच्या पंगतीत होता, त्याचा आवाज सगळ्यात मोठा. आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून विचारून. वर्गात हे शिकवताना माझा गळा दाटून येतो. पानठेल्यावर तेच काम अंगावर आलं की डोकं उठतं.

त्यात एका नवकवीनं त्याच सभेत सरपंचांवर कविता म्हटली. 'तुमच्या राज्यात खड्ड्यांनाही पाणी मिळतं' अशी ओळ होती. सरपंचांनी खूश होऊन शाल-नारळ दिलं. आता पानठेल्यावर एक पोरगा विचारतो, अन् तेही सरपंचांच्या पुतण्यासमोर, "मास्तर, हे कौतुक होतं का टोमना?"

मला गावात राहायचं आहे. मी म्हटलं, "व्याजस्तुती." वरून स्तुती अन् आतून टोमणा असा हा अलंकार, हे मात्र सांगितलं नाही.

व्याज म्हटल्याबरोबर सगळे सोसायटीच्या थकीत कर्जावर घसरले, अन् मी सायकलला टांग मारली.