माळढोकासाठी जीपमधून खाली उतरू नका

राजस्थानातलं खीचन, जैसलमेर आणि तिथून लडाखचं त्सो कार तळं अशा तुमच्या पक्षी पाहण्याच्या प्रवासाचा लेख वाचला, पण अडकले ते माळढोक या दुर्मीळ पक्ष्याच्या फोटोपाशी. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघी मुलुंडहून जैसलमेरजवळच्या सुदासरीला माळढोक पाहायला गेलो होतो. तिसऱ्या सकाळी सेवण गवतातून नुसती मान वर आली, पांढरी, डोक्यावर काळी टोपी. डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारच्या जीपमधला एकजण कॅमेरा घेऊन खाली उतरला आणि पक्षी उडाला, थेट विजेच्या तारांच्या दिशेने. वाचला, पण माझ्या छातीत धस्स झालं होतं. माळढोकाला समोरचं कमी दिसतं आणि नर १५ किलोपर्यंत भरतो, ऐन वेळी वळणार कसा? म्हणून तर तारा जमिनीखाली न्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला होता. २०२४ मध्ये तो शिथिल झाला, याचं फार वाईट वाटतं.

त्सो कारला निघालेल्यांनी आधी लेहला दोन-तीन दिवस नुसता आराम करा, तळं ४,५०० मीटरवर आहे. आणि काळ्या मानेचे क्रौंच तिथे घरटी करतात, तेव्हा फोटोसाठी पाणथळीत पाय टाकू नका. लांबूनच टिपा.