मराया कॅरी १९९४ पासून दर नाताळला पहिली? तपासून पाहू

डिसेंबर लागला की एक मजकूर हमखास फिरतो. 'ऑल आय वॉन्ट फॉर ख्रिसमस इज यू' हे अमेरिकन गायिका मराया कॅरीचं गाणं १९९४ साली आलं आणि तेव्हापासून दर नाताळला पहिल्या क्रमांकावर आहे. १९८४च्या नाताळात ब्रिटनमध्ये व्हॅम या जोडीचं 'लास्ट ख्रिसमस' पहिलं आलं. आणि ब्रिटनमध्ये नाताळात पहिलं येतं ते नाताळचंच गाणं. तिन्ही विधानं चुकीची आहेत.

'१९९४ पासून पहिलं': १९९४ साली हे गाणं अमेरिकेच्या हॉट १०० यादीत, म्हणजे दर आठवड्याच्या सर्वांत लोकप्रिय शंभर गाण्यांत, नव्हतंच. एका गाण्याची सुटी प्रत (सिंगल) दुकानात विकायला असेल तरच गाणं यादीत घ्यायचं, असा तेव्हा नियम होता. हे गाणं हवं तर अख्खा अल्बम घ्यावा लागे. डिसेंबर १९९८मध्ये नियम बदलला आणि जानेवारी २०००मध्ये गाणं यादीत आलं, तेही ८३व्या क्रमांकावर. पहिला क्रमांक मिळाला तो २१ डिसेंबर २०१९च्या यादीत, पंचवीस वर्षांनी. तोवर हॉट १००च्या शिखरावर पोचलेलं नाताळचं गाणं एकच होतं, १९५८चं 'द चिपमंक साँग'.

मग २०१९मध्ये झालं काय? मोजणी बदलली होती. रेकॉर्ड किंवा सीडी विकली गेली की एकदाच मोजली जायची. पुढे घरी ती वीस वर्षं वाजली तरी यादीला पत्ता नसे. स्ट्रीमिंगमध्ये मात्र प्रत्येक वाजणं मोजतात. ब्रिटनमध्ये २०१८ पासून साधारण १०० सशुल्क किंवा ६०० मोफत स्ट्रीम म्हणजे एक विक्री. म्हणूनच ब्रेंडा लीने तेराव्या वर्षी, १९५८ साली गायलेलं 'रॉकिंग अराउंड द ख्रिसमस ट्री' डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेत पहिलं आलं.

'लास्ट ख्रिसमस': १९८४ साली ब्रिटनमध्ये ते दुसरं होतं. पहिलं होतं इथिओपियाच्या दुष्काळासाठी अनेक गायकांनी मिळून केलेलं बँड एडचं गाणं, आणि त्यातही व्हॅमचा जॉर्ज मायकल गायला होता! व्हॅमने आपली रॉयल्टीही त्याच मदतीला दिली. 'लास्ट ख्रिसमस' ब्रिटनमध्ये पहिलं आलं १ जानेवारी २०२१ला, पण 'नाताळचं पहिलं' ठरलं थेट २०२३मध्ये. इथेच बहुतेकांची गल्लत होते. आठवड्याची मोजणी शुक्रवार ते गुरुवार चालते आणि नाताळचा मान फक्त नाताळच्या एका आठवड्याच्या यादीला असतो. २०२०मध्ये मराया कॅरी ११ डिसेंबरला ब्रिटनमध्ये पहिली आली, पण नाताळच्या आठवड्यात लॅडबेबी या यूट्यूबरचं सॉसेज रोल या खाण्याच्या पदार्थावरचं विडंबनगीत पुढे गेलं.

'नाताळचंच गाणं': बीटल्स १९६३, १९६४, १९६५ आणि १९६७ असे चार नाताळ पहिले होते, एकाही गाण्यात नाताळ नाही. १९७३चं स्लेडचं किंवा १९७८चं बोनी एमचं 'मेरीज बॉय चाइल्ड' ही खरी नाताळची गाणी, पण १९७९ला पिंक फ्लॉइड होतं. २००९मध्ये तर दर वर्षी टीव्ही स्पर्धेचाच विजेता पहिला येतो म्हणून चिडलेल्या श्रोत्यांनी फेसबुकवर मोहीम चालवली आणि रेज अगेन्स्ट द मशीन या रॉक बँडचं १९९२चं संतप्त गाणं सुमारे पाच लाख प्रतींनी वर आणलं, सगळ्या डाउनलोड केलेल्या.