‘दूध पुरत नाही’ हा निकाल इतक्या घाईने देऊ नका

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळंतिणीच्या कानावर सतत पडणारे वाक्य म्हणजे ‘हिला दूध पुरत नाही वाटतं’. सासू म्हणते, भेटायला आलेली शेजारीण म्हणते, रात्रपाळीची आया म्हणते आणि पुष्कळदा वॉर्डातल्या सिस्टरही म्हणतात. वास्तविक या दिवसांत येतो तो चीक, आणि तो थोडाच असतो. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेस जेमतेम चमचाभरच लागतो. भरपूर पान्हा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो, सिझेरियन झाले असेल तर कधी त्याहूनही उशिरा, आणि तोवर बाळाचे वजन थोडे घटणे स्वाभाविक असते. हे कोणी आधी सांगितलेलेच नसल्यामुळे, बाळ रडले की आपल्यातच काहीतरी कमी आहे असे त्या मुलीच्या मनात पक्के बसते.

माझ्या भाचीच्या सिझेरियननंतर मी एका खाजगी प्रसूतिगृहात तिच्या सोबतीला होते. टाक्यांमुळे तिला कुशीवर वळता येत नव्हते, बाळ नुसते स्तनाग्राचे टोक धरून ओढत होते आणि ती दर वेळी वेदनेने ओठ आवळून घेत होती. रात्री आयाने वाटीत पावडरचे दूध आणून ठेवले. तिला विचारण्याची गरज कोणालाच वाटली नाही. सकाळी एक वयस्क सिस्टर आल्या. त्यांनी तिच्या शेजारी उशी लावली, टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला काखेखालून घ्यायला लावले, त्याचे पोट आईच्या अंगाला टेकवले आणि त्याने मोठा ‘आ’ करेपर्यंत त्या थांबल्या. मग डोके न दाबता, मानेला आणि खांद्यांना आधार देत बाळाला जवळ घेतले, तेव्हा स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही त्याच्या तोंडात गेला. ‘ऐक, गिळतोय,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या घोटांचा आवाज ऐकताना भाचीच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते भिंतीवरच्या कुठल्याही पोस्टरने तिला दिले नसते.

असे शिकवणारे माणूस योगायोगाने भेटावे लागते, याचे मला फार वाईट वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाली, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बाळांचे प्रमाण केवळ ४१.८ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत तर जवळजवळ निम्मी बाळंतपणे सिझेरियनने होतात, म्हणजे ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज असते अशा मातांची संख्या तिथेच मोठी असते. कायदा आणि योजना नाहीत असेही नाही. पावडरच्या दुधाच्या जाहिरातींना आणि फुकट नमुने वाटण्याला मनाई करणारा कायदा १९९२ पासून आहे आणि स्तनपानाला प्रोत्साहन देणारा केंद्राचा ‘मा’ कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी, म्हणजे दान केलेले आईचे दूध गरजू बाळांना देणारी पेढी, १९८९ मध्ये सुरू केली, ती तर आपल्याच राज्यात. तरीही पहाटे तीन वाजता खाटेशेजारी बसून बाळ नीट लावून देणारे कोणी बहुतेक वॉर्डांत नसते, कारण एकाच सिस्टरच्या अंगावर सलाइनपासून नोंदवहीपर्यंत सगळेच काम असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे काम करणारी वेगळी, शिकलेली व्यक्ती प्रत्येक पाळीत नेमली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वरचे दूध कधीच देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. बाळाची साखर उतरली, ते कमी दिवसांचे असले किंवा आई गंभीर आजारी असली, तर डॉक्टर सांगतील ते दिलेच पाहिजे, आणि तशा आईला अपराधी वाटायला लावणे ही क्रूरता आहे. परंतु तो निर्णय बाळाची शी-शू, वजन आणि पाजण्याची पद्धत पाहून व्हावा, नुसत्या रडण्यावरून नव्हे.

म्हणून ज्यांच्या घरी बाळंतपण आहे, त्यांनी नाव नोंदवतानाच दवाखान्याला विचारावे: सिझेरियन झाल्यास बाळ आईजवळ किती वेळात देता? पाजायला शिकवणारे रात्री कोण असते? आणि आईला विचारल्याशिवाय बाळाला वरचे काही दिले जाते का?