‘आमच्याकडे’, ‘आपल्याकडे’ आणि दिल्लीचं स्पूफिंग

इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर मी वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे सहसा काही टाकत नाही. पण दिल्लीच्या स्पूफिंगची बातमी आली आणि तीन दिवस तिथे जे काही चाललं, त्याने माझं डोकं फिरलं ते अजून शांत झालेलं नाही.

बातमी एवढीच. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की दिल्ली विमानतळाच्या १० क्रमांकाच्या धावपट्टीवर जीपीएसच्या आधाराने उतरणाऱ्या काही विमानांना स्पूफिंगचे, म्हणजे खोटे सिग्नल मिळाले. झालं! एकाने थेट कारगिल काढलं. अमेरिकेने तेव्हा जीपीएस दिलं नाही, आता तरी शहाणे व्हा, फोनपासून विमानापर्यंत सगळीकडे ‘नाविक’ ही आपली स्वतःची जीपीएससारखी यंत्रणा सक्तीची करा. दुसऱ्याने तिथल्या तिथे ‘नाविक’चं श्राद्ध घातलं. २०१३ पासून उपग्रह सोडताय, धड चालतात किती? चार! मग देशप्रेमी एका बाजूला, टीकाकार दुसऱ्या बाजूला, आणि विमानं हवेतच.

माझा राग दोघांवर आहे. पहिल्याला वाटतं की उपग्रह आपला असला की सिग्नल सुरक्षित झाला. ‘नाविक’चा एल-५ हा फ्रिक्वेन्सीचा पट्टा ११७६.४५ मेगाहर्ट्झवर आहे. जीपीएसचा एल-५ कुठे आहे? त्याच ११७६.४५ वर. २०२३ च्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून एल-१ ची सोय झाली, तीही जीपीएसच्याच १५७५.४२ वर. रिसीव्हर बनवायला हे फार सोयीचं आहे, पण त्या फ्रिक्वेन्सीवर कोणी गोंगाट घातला की अमेरिकेचा उपग्रह आणि आपला उपग्रह एकदमच बुडतात. ‘नाविक’चा वेगळा एस पट्टा आहे हे खरं, पण तो ऐकणारे फोन शोधून सापडायचे नाहीत.

दुसऱ्याचे आकडे चुकीचे नव्हते. पहिल्या उपग्रहातली तिन्ही परदेशी अणुघड्याळं बंद पडली, २०१७ मध्ये एकाचं उष्णतारोधक कवचच उघडलं नाही, जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. पण समजा, सगळे ठणठणीत असते, तरी दिल्लीत काय फरक पडला असता? जीपीएसचे तीसएक उपग्रह ठणठणीतच आहेत. एस्टोनियातल्या आमच्या तार्तूला त्यांचा काही उपयोग झाला नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं, आणि जरा ताठ्यातच लिहिलं.

आमच्याकडे रात्री उशिरा हेलसिंकीहून विमान येतं. ओटा पुसत असताना त्याचा आवाज कानावर पडला की दिवस संपला असं मी धरते. एप्रिल २०२४ च्या शेवटी लागोपाठ दोन संध्याकाळी विमान जवळ येऊन परत फिरलं, कारण जीपीएस गेलं होतं. पेयप्सी तळ्याच्या पलीकडून, म्हणजे रशियातून, काय येतं ते इथे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. मग फिनएअरने २९ एप्रिलपासून महिनाभर तार्तूची उड्डाणंच थांबवली. त्या वर्षी आमचं गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली, आणि बाहेरून येणारं एकुलतं एक नियमित विमान बंद. मी महिनाभर बसने टॅलिनला जात होते. अडीच तास, वायफाय उत्तम, तक्रार नाही.

उपाय काय निघाला? नवा उपग्रह नाही, एआय नाही. डीएमई. विमान जमिनीवरच्या यंत्राला हाक मारतं, यंत्र ओ देतं, हाक आणि ओ यांच्यामधल्या वेळेवरून अंतर कळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विद्या. तिच्या आधाराने उतरण्याची पद्धत आखली आणि २ जूनला विमान पुन्हा आलं.

मला एवढंच म्हणायचं होतं. वीस हजार किलोमीटरवरून येणारा सिग्नल आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षाही क्षीण असतो. शेजारच्या मांडवात डीजे लागल्यावर समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, ते जॅमिंग. त्याच्याच आवाजात तिसऱ्याने आपल्याला चुकीचा पत्ता सांगणं, ते स्पूफिंग. युरोपच्या गॅलिलिओ या उपग्रह यंत्रणेने जुलै २०२५ पासून सिग्नलवर डिजिटल सही द्यायला सुरुवात केली, तोतया ओळखायला ती उपयोगी आहे. पण आवाजच पोचला नाही तर सही कसली तपासणार? आणि डीजे लावणारा दरवेळी शत्रूच असतो असंही नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळाची यंत्रणा बिघडवणारा माणूस मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून गाडीत जॅमर लावून फिरणारा साधा ड्रायव्हर होता. त्याला ३१,८७५ डॉलरच्या दंडाची नोटीस गेली.

नॉर्वेवाले तर २०२२ पासून दर सप्टेंबरात आंदोया बेटावर स्वतःच जॅमिंग करतात. सरकारी खाती आणि लष्कराचे संशोधक परवानगी काढून सिग्नल मारतात, आणि यंत्रं बनवणारे आपापल्या गाड्या, ड्रोन, रिसीव्हर घेऊन तिथे आपली फजिती बघायला जातात. मी ग्रुपवर लिहिलं, असं काही आपल्याकडे उघडपणे, पत्रकारांना बोलावून होईल का?

उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. ‘अगं, तुमची विमानसेवा जॅमिंगने महिनाभर बंद होती. दिल्ली बंद पडली का?’

नव्हती पडली. संसदेतल्या त्याच उत्तरात पुढे होतं की ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरची जुनी साधनं चालू होती, तिथल्या विमानांना काहीच झालं नाही. शिवाय अशा साधनांचं किमान जाळं देशात मुद्दाम राखून ठेवलं आहे. अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्या, तरी विमानं उतरतच होती. म्हणजे तार्तूने महिनाभर ठेच खाऊन जे शिकून घेतलं, ते दिल्लीला आधीच येत होतं. माझ्या मुद्द्याचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्याच देशात पडलेला होता, आणि मी तो तार्तूच्या नावावर खपवत होते. ‘खरं आहे’ एवढं टाइप करायला मला जेवणापर्यंत वेळ लागला.

पण घड्याळाचं कोणी नावच काढलं नाही, हे मात्र मी सोडणार नाही. नकाशावरचा निळा ठिपका सगळ्यांना दिसतो. मोबाइलचे टॉवर, वीजवाहिन्या, शेअर बाजार याच उपग्रहांकडून वेळ घेतात, ते कोणाला दिसत नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी एक म्हातारा जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना काही उपग्रहांची वेळ सुमारे १३ मायक्रोसेकंदांनी चुकली. एवढ्या वेळात प्रकाश चारेक किलोमीटर जातो. जगभरातल्या टेलिकॉम यंत्रणांमध्ये बारा तास घंटा वाजत होत्या, आणि हल्ला कोणीच केलेला नव्हता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वेळ अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटीच्या केंद्रांमधून देशभर पोचवायची योजना आहे. सरकारी आणि व्यापारी कामांना तीच वेळ बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये निघाला. ‘नाविक’पेक्षा मला याचं कौतुक जास्त आहे, पण याचा फॉरवर्ड मला अजून एकही आलेला नाही.

माझे बाबा सकाळच्या बातम्यांच्या आधी आकाशवाणीवर पिप-पिप वाजायची तेव्हा मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरायचे. चावी बाहेर ओढलेली, शेवटच्या पिपेला आत. आम्ही तोवर श्वास रोखून उभे. जमिनीवरून येणारी वेळ होती ती. इथे माझ्या फोनवर दोन घड्याळं आहेत, हिवाळ्यात साडेतीन तासांच्या अंतराने, उन्हाळ्यात अडीच. इथली वेळ बदलते त्या रविवारी मी बाबांना हमखास चुकीच्या वेळी फोन करते. बाबा म्हणतात, ‘अगं, आमची वेळ होती तिथेच आहे.’

परवा ग्रुपवरचा माझा तो लांबलचक मेसेज पुन्हा वाचला. तार्तूबद्दल लिहिताना दरवेळी ‘आमच्याकडे’ आलंय, भारताबद्दल लिहिताना ‘आपल्याकडे’. मुद्दाम नव्हतं लिहिलं. एका मैत्रिणीच्या ते लक्षात आलं होतं. तिने खाली विचारलं होतं, ‘तुम्ही म्हणजे कोण कोण गं?’

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असणार. मी अजून काही लिहिलेलं नाही.