खाटेखालचे गठ्ठे

यंदा संक्रांतीला भाच्याचा औदुंबरहून व्हिडिओ कॉल आला. मागं साहित्य संमेलनाचा मांडव, पुढ्यात टेबल आणि त्यावर त्याच्याच कथासंग्रहाच्या प्रती. "मामा, सकाळधरनं सात गेल्या. त्यातली एक आपल्या काकूंनी घेतली, ती धरायची का?"

पोरगा तासगावचा, वय २७. ३०० प्रती निघाल्या, छपाईचे निम्मे पैसे त्यानंच भरले. मानधनाऐवजी ५० प्रती मिळाल्या, वर प्रकाशकानं आणखी शंभर सवलतीत गळ्यात मारल्या. ते गठ्ठे आता खाटेखाली आहेत. यावरून घरच्या ग्रुपवर जुंपली. आमचे दादा, म्हणजे त्याचे थोरले मामा, मराठीचे निवृत्त मास्तर. त्यांचं म्हणणं, लेखकानं लिहावं, टोपली घेऊन बाजारात बसू नये. भाचा म्हणतो, मी नाही बसलो तर कोण बसणार?

मी सोळा वर्षं इंग्लंडात ब्रिस्टलला आहे. इकडं प्रकाशक लेखकाला पालखीत बसवून मिरवतो अशी दादांची समजूत. शेजारच्या बाई मुलांसाठी पुस्तकं लिहितात. शनिवारी पुस्तकाच्या दुकानात कोपऱ्यात टेबल टाकून बसतात आणि कोणी फिरकलं नाही की पेनाचं टोपण काढत-लावत राहतात. टोपली इथंही चुकलेली नाही.

फक्त या बाईंना दर हिवाळ्यात एक हिशेबाचा कागद येतो. सार्वजनिक वाचनालयांतून त्यांची पुस्तकं किती वेळा लोकांनी घरी नेली, त्याचा. दर वेळेचे काही पेनी. वाचकाला किंवा वाचनालयाला त्याची तोशीस नाही, पैसे सरकार देतं. त्यासाठी १९७९ मध्ये कायदा झाला, १९८४ पासून पैसे मिळू लागले. एका लेखकाला वर्षाला ६,६०० पौंडांच्या वर मिळत नाहीत, त्यामुळे गाजलेली नावंच सगळं खाऊन टाकत नाहीत. अनुवादकालाही वाटा असतो. बाईंना गेल्या वर्षी ११२ पौंड आले, ते बॉयलरच्या दुरुस्तीत गेले.

आपल्याकडं काहीच नाही असं नाही. पहिल्या पुस्तकासाठी राज्याचं नवलेखक अनुदान आहे. केंद्रानं २०२१ मध्ये तिशीच्या आतल्यांसाठी योजना काढली, सहा महिने दरमहा ५०,००० रुपये. पण हे सगळं बाळंतपणापुरतं. पुढं पोराच्या दुधाचं काय? वेल्समधलं जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव हे-ऑन-वाय बघून आपण २०१७ मध्ये भिलारला पुस्तकांचं गाव केलं, चांगलंच केलं. स्ट्रॉबेरी खात फुकट वाचावं, मीही वाचलंय. गाव उचलून आणलं, हिशेबाचा कागद तेवढा तिकडंच राहिला.

हे ग्रुपवर लिहिलं तर दादांचं उत्तर आलं: "वाचनालयातल्या माणसाचाच पगार वेळेवर होत नाही, तिथं लेखकाला कोण विचारतो?" खरं आहे, आणि आधी तो पगार व्हायला हवा. पण मोजायला गावोगावी कॉम्प्युटर लागत नाही. इथंही सगळी वाचनालयं मोजत नाहीत, ठरावीक ठिकाणच्या नोंदींवरून अंदाज बांधतात. आपल्या ड वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाच्या वाचनालयातसुद्धा देवघेवीचं रजिस्टर असतंच.

काल भाच्यानं फोटो टाकला. गावच्या वाचनालयात त्याच्या पुस्तकाला मागं चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर पाच तारखा आणि सभासद क्रमांक. त्यातला एक क्रमांक दोनदा आहे. कोण म्हणून विचारलं, तर तिथल्या बाईंनी सांगितलं नाही.