डीजेवाल्याच्या कानाला लागणाऱ्या पाहुण्यांसाठी

काल चोपड्याला हळदीला गेलो होतो. आमच्या खानदेशी बोलीतलं, अहिराणी गाणं रंगात आलेलं. करवल्या, मावश्या, ट्रॅक्टरवाले मामा सगळे एकाच घोळक्यात नाचत होते. तेवढ्यात पुण्याहून आलेला आमचा चुलतभाऊ डीजेवाल्याच्या कानाला लागला. "बंद कर यार हे गावठी. काहीतरी दर्जाचं लाव." मग लागलं अमेरिकन रॅप. शब्द कोणालाच कळेना, आणि लावायला सांगणाऱ्यालाही कळत असेल असं वाटलं नाही. बायका जाऊन खुर्च्यांवर बसल्या. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितोय.

रॅपवर राग नाही हो माझा. शाळेत होतो तेव्हा, १९९२ साली, बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' हे हिंदी रॅप आलं. ती कॅसेट आम्ही फीत गुंडाळेपर्यंत वाजवली. राग आहे तो 'दर्जा' या शब्दावर.

माझी मोठमाय, म्हणजे आजी, विहिणीची गाणी म्हणायची. धाकट्या आत्याच्या लग्नात व्याही नव्याकोऱ्या फटफटीवर ऐटीत आले. पंगतीला बसले, पहिला घास उचलला, आणि मोठमायनं जागच्या जागी जुळवलं:

"व्याही उना फटफटीवर, तेल नही टाकीमा,
रुबाब करस पाटीलना, सोसायटीनं खातं बाकीमा!"

घास हातातच राहिला. मग तिकडच्या विहीणबाईंनी आमच्या गळक्या धाब्याच्या घरावर कडवं रचून परत हाणलं. वाढपी भाताचं पातेलं घेऊन तिथंच उभे. बराच वेळ चाललं, आणि रुसलं कोणीच नाही.

आता सांगा, याला रॅपवाल्यांची 'बॅटल', म्हणजे गाण्यातली जुगलबंदी, नाही तर काय म्हणायचं? की त्यासाठी टोपी उलटी घालायला लागते?

आणि ज्याला तुम्ही दर्जा म्हणता ते रॅप जन्मलं कुठं? ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, एका भाड्याच्या इमारतीतला तळमजल्याचा हॉल. सिंडी कॅम्पबेल नावाच्या पोरीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिनं तिकीट लावून पार्टी ठेवली. भाऊ कूल हर्कनं स्पीकर लावले. गाण्यात जिथं नुसता ठेका उरतो तिथं लोक जास्त नाचतात हे त्याच्या ध्यानात आलेलं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवायचा आणि माइकवरून दोस्तांची नावं पुकारायचा. आमचे डीजेवाले दुसरं काय करतात? "मुलाकडच्या मामांसाठी" म्हणून ओरडतातच की.

१९८२ च्या 'द मेसेज' या गाजलेल्या रॅप गाण्यामध्ये फुटक्या काचा, उंदीर, झुरळं आहेत. ते वास्तव. आणि मोठमायनं गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीची थकबाकी गाण्यात घातली तर ते गावठी! अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारला २०१८ मध्ये पुलित्झर हा तिकडचा मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा याच चुलतभावानं अभिमानानं स्टेटस ठेवलं होतं. अभिमान कसला, तो तुझ्या गल्लीतला आहे का?

बरं, अहिराणीत हल्ली पोरीच्या झुमक्यापलीकडे फार काही जात नाही, हे मान्य. पण तिकडच्या रॅपमध्ये बायकांबद्दल जे बोलतात ते आधी मराठी करून आईसमोर वाचून दाखव.

जाऊ दे. तोही बिचारा काय करणार? शाळेत अहिराणी बोललं की छडी बसायची, त्यालाही आणि मलाही. तेव्हाच ती जिभेवरून उतरली. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांनी २०१५ मध्ये गल्लीची भाषा गाण्यात आणली, तेव्हा कुठे आपल्याकडच्या पोरांना वाटलं की आपणही आपल्या बोलीत बोलावं. परवा भुसावळ स्टेशनवर एक पोरगा मित्रांना अहिराणीत रॅप ऐकवत होता: कापसाचा भाव, बापाचं कर्ज, लग्नाला मुलगी न मिळणं. यमक कच्चं होतं, पण मोठमायसारखाच नेमका दुखऱ्या जागी बोट ठेवत होता. गाडी आली म्हणून नाव विचारायचं राहिलं.

पण पुढच्या हळदीला कोणी डीजेवाल्याच्या कानाला लागलं तर मी गप्प बसणार नाही, आत्ताच सांगतो. नातं गेलं खड्ड्यात.

मोठमाय गेली. तिचं एवढं एकच कडवं मला पाठ आहे, बाकीचं कोणी लिहूनच ठेवलं नाही. तुमच्या घरी व्याह्याला झोडणारी एखादी मावशी, आजी असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. शिव्या कापू नका.