‘ॲप टाका, तळ दिसतो’ म्हणे! एका मेसेजला हतनूरच्या काठावरून उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. तिघे भुसावळचे, दोघे जळगावचे, एक शहाद्याचा. सातवा कधी होडीत बसलेलाच नाही, पाण्याला भितो, पण पुढे पाठवायला त्याची हरकत नव्हती. मेसेज असा:

“होडीवाल्यांनो, जागे व्हा! अमेरिकेने सगळे कागदी सागरी नकाशे बंद केले. आता फक्त मोबाइल. एक ॲप टाका, समुद्र असो की धरण, तळ दिसतो. अपडेट मात्र करू नका, कंपन्या त्यातूनच पैसे उकळतात, जुनं व्हर्जन सोनं आहे. रेंज गेली की जीपीएस बंद, म्हणून दोन सिम ठेवा. आणि आपली तापी आता राष्ट्रीय जलमार्ग आहे, मार्ग ॲपमध्ये येतोच. पुढे पाठवा.”

खानदेशात होडी कसली, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. त्यांना तापीवरच्या हतनूर धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे अडलेलं पाणी, दाखवावा. वाघूर धरण आहे, प्रकाशा-सारंगखेड्याची बॅरेजं आहेत. मी बारा वर्षं व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो. आता भुसावळला असतो, एक रबरी होडी आणि एक कयाक आहे. हिवाळ्यात आम्ही चार-पाच जण अलिबाग-मुरूडला शिडाची होडी भाड्याने घेतो. म्हणजे मेसेजमधलं धरण आणि समुद्र, दोन्ही माझ्या माहितीतले.

“अमेरिकेने कागदी नकाशे बंद केले.” हे खरं आहे, पण अर्धं. ‘नोआ’ या तिथल्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये तसं जाहीर केलं आणि जानेवारी २०२५ पर्यंत पारंपरिक कागदी नकाशे टप्प्याटप्प्याने मागे घेतले. त्यांच्या जागी आले ते अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशे, ज्यांना जहाजांवर आम्ही ‘ई-एन-सी’ म्हणायचो. मोबाइलचं ॲप हे त्याच्यावर कोणीतरी चढवलेलं कातडं. शिवाय हीच संस्था हव्या त्या भागाचा नकाशा तयार करून छापून घ्यायची सोय देते, फुकट. ब्रिटनने २०२६ अखेर कागद बंद करू असं म्हटलं होतं, मग तीच मुदत किमान २०३० पर्यंत पुढे ढकलली. मोठ्या जहाजांवर कागद गेला हेही खरं, पण तिथे एकाला पर्याय म्हणून दुसरी स्वतंत्र यंत्रणा असते, तिचा वीजपुरवठाही वेगळा. आपल्या खिशात एक फोन, तोही चाळीस टक्के चार्ज.

या बदलाचा होडीवाल्याला बसणारा चिमटा मेसेजमध्ये आलाच नाही. पूर्वी बरीच ॲपं कागदी नकाशाचं चित्र जसंच्या तसं दाखवायची. छापलेला खडक कितीही लहान केला तरी ठिपका म्हणून का होईना, राहायचा. नवे नकाशे चित्र नाहीत, माहितीचा साठा आहेत. पडद्यावर काय उमटेल ते तुम्ही किती झूम केलंय आणि सेटिंगमध्ये काय चालू ठेवलंय यावर ठरतं. बाहेर झूम केलं की खडक नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाला हे कोणी सांगत नाही.

हे मी घाबरवायला सांगत नाही. २०१४ च्या व्होल्वो ओशन रेसमध्ये, म्हणजे शिडाच्या होड्यांच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत, ‘टीम वेस्टास विंड’ ही शर्यतीची बोट केपटाउनहून अबुधाबीला निघाली होती. २९ नोव्हेंबरच्या रात्री, मॉरिशसच्या ईशान्येला, ती कार्गाडोस काराहोस या प्रवाळ खडकांवर चढली. नऊ जण होते, सगळे वाचले. बोटीवर व्यावसायिक खलाशी होते, अनुभवी दिशादर्शक होता, इलेक्ट्रॉनिक नकाशे होते. पुढे चौकशीत निघालं ते एवढंच की ज्या झूमवर मार्ग पाहिला गेला, त्यावर तो खडक खडक म्हणून दिसत नव्हता. पुरेसं आत जाऊन पाहिलं असतं तर दिसला असता. खडक साठ्यात होता, पडद्यावर नव्हता.

तर आता मेसेजचा गाभा: “समुद्र असो की धरण, तळ दिसतो.”

तळ दिसत नाही. कोणीतरी, कधीतरी, कसातरी मोजलेला आकडा दिसतो. अधिकृत नकाशात त्या मोजणीचा दर्जाही नोंदलेला असतो. सगळ्यात वरच्या दर्जात जागेची चूक पाच मीटरच्या आत, ‘सी’ दर्जात ती पाचशे मीटरपर्यंत चालते. फोनचं जीपीएस तुम्हाला मोकळ्या आकाशाखाली पाच-सात मीटरमध्ये नेमकं ठेवतं, पण खडकच अर्धा किलोमीटर सरकवून नोंदलेला असेल तर त्या नेमकेपणाचं काय लोणचं घालायचं? बहुतेक ॲपांत हा दर्जा कुठल्यातरी मेन्यूच्या पोटात असतो. मी तरी हौशी माणसाला तो उघडताना पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट, हा आकडा कुठल्या पाण्यापासून मोजलाय? सागरी नकाशात खोली दिलेली असते ती जवळपास सर्वात खालच्या ओहोटीची. सहसा पाणी त्याहून खाली जात नाही. मुंबईला पावसाळ्यातल्या उधाणात भरती साडेचार मीटरच्या वर जाते, म्हणजे नकाशात दोन मीटर दिसतात तिथे त्या वेळी सहा मीटरच्या वर पाणी असतं. समुद्राचा नकाशा कंजूष सावकारासारखा आहे, असेल त्याहून कमीच सांगतो.

धरणाचा नकाशा उलटा, उधळ्या. जिथे कुठे धरणाची खोली दिलेली असते, तिथे ती बहुतेक वेळा धरण पूर्ण भरलं असताना धरलेली असते. हतनूरची पूर्ण पातळी २१४ मीटर. समजा कुठल्या ॲपने एखाद्या जागी तीन मीटर दाखवले आणि आजची पातळी २११ असली, तर तिथे पाणी शून्य. पडद्यावर निळं, प्रत्यक्षात चिखल, नाहीतर गाळपेऱ्याचं, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेलं, शेत. मे महिन्यात माझ्या फोनवरचा निळा ठिपका एकदा चक्क टरबुजाच्या वाडीत उभा होता. मालकाने एक फोडून दिलं, फोनकडे बघितलंही नाही.

आणि हतनूरचा तळ एका जागी राहतो कुठे? तापी वरून बऱ्हाणपूरकडचं पाणी आणते, पूर्णा विदर्भातली काळी माती आणते, दोघी चांगदेवजवळ मिळतात, आणि तो सगळा गाळ धरणाच्या पोटात बसतो. पावसाळ्यात ४१ दरवाज्यांपैकी किती उघडले यावर प्रवाह बदलतो, गाळ सरकतो. दोन वर्षांपूर्वी जिथून मी इंजिन लावून गेलो, तिथे गेल्या फेब्रुवारीत वल्हं मांडीपर्यंत रुतलं. शिवाय बुडीत क्षेत्रातले बांध, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे. हे कुठल्या नकाशात आहेत? परदेशातल्या तलावांची खोली ॲपांना बऱ्याचदा लोकांच्याच होड्यांवरच्या सोनारमधून (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) मिळते, हजारो लोक फिरतात आणि नोंदी चढवतात. आपल्या फुगवट्यावर सोनार लावून फिरणारे किती? हात वर करा. माझ्या फोनवर तरी चांगदेवच्या समोरचं पाणी नुसता निळा डाग आहे, एकही आकडा नाही. आकडा नसलेला निळा रंग म्हणजे ‘खोल’ नव्हे, ‘मोजलेलं नाही’ असा त्याचा अर्थ. एवढी एक गोष्ट मेसेजमध्ये असती तरी मी हे लिहीत बसलो नसतो.

पहिल्या वर्षी मीही फोन समोर धरून चाललो होतो. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढणारे एक नाना ओरडले, “तिकून नको जाऊ भो, अठी बाभयी हाये खाली.” मी म्हटलं, नाना, यात काही दाखवत नाही. म्हणाले, “तुह्या मोबाइलले काय मालूम? धरण बांधलं तवा त्यो व्हता का?” रबरी होडी आणि बाभळीचा काटा यांचं नातं वेगळं सांगायला नको.

“अपडेट करू नका, जुनं व्हर्जन सोनं.” यातल्या चिडीशी मी सहमत आहे. एकदाच पैसे भरून घेतलेली नकाशाची ॲपं पुढे वर्षागणिक वर्गणीवर गेली. मोठ्या कंपन्यांनी नकाशाच्या ॲपवाल्या लहान कंपन्यांना गिळलं: नॅव्हिऑनिक्स २०१७ मध्ये गार्मिनकडे गेलं, सी-मॅप नॅव्हिकोकडे आणि नॅव्हिको २०२१ मध्ये ब्रन्सविककडे. प्रत्येक वेळी बटणं हलली, रंग बदलले, खात्याचे पासवर्ड नव्याने मागितले गेले. सवय मोडणं त्रासाचंच आहे.

पण अपडेट दोन असतात, आणि मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींचं भरीत केलंय. एक ॲपचं, म्हणजे बटणांचं. दुसरं नकाशाच्या माहितीचं, म्हणजे पाण्याचं. बटणांवर हवं तितकं चिडा. पाण्याचं अपडेट टाळणाऱ्याला एकच विचारतो: अटल सेतू माहीत आहे ना? १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, जवळपास २२ किलोमीटर लांब, त्यातले साडेसोळा पाण्यावर. ज्याच्या फोनमध्ये त्याच्या बांधकामाआधीचा नकाशा आहे, त्याच्या मुंबई बंदरात आजही शिवडी ते न्हावा मोकळं पाणी आहे. एकही खांब नाही. हे सोनं रात्री घेऊन निघा! देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय दर पंधरवड्याला दर्यावर्दींसाठी सूचना काढतं ते हौस म्हणून नाही. बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, सरकतो, दिवा बंद पडतो, काहीतरी बुडतं.

माझी रीत सांगतो, पटली तर घ्या. निघायच्या सकाळी अपडेट कधीही नाही. आठवडाभर आधी, घरी, वाय-फायवर. मग चार गोष्टी उघडून बघायच्या. पहिली, खोलीचं एकक. गेल्या डिसेंबरमध्ये अपडेटनंतर माझं मीटरवरून फुटांवर गेलेलं होतं. पडद्यावर ‘९’ बघून मी निवांत, आणि होतं जेमतेम पावणेतीन मीटर. (त्यात फॅदमही असतो, सहा फुटांचा, आपली एक वाव म्हणा.) दुसरी, उथळ पाण्याचा रंग किती खोलीपासून सुरू होतो ते. तिसरी, जिथे जायचंय तो भाग फोनमध्ये खरंच उतरलाय का, विमान मोड लावून बघायचं. आणि चौथी, नवी बटणं आधी ओळखीच्या पाण्यात. मी ती हतनूरला हाताखालून घालतो, मग अलिबागला नेतो. जुना फोन फेकत नाही. नवं ॲप त्यावर चालत नाही, पण आधीचा नकाशा आणि जीपीएस चालतं, तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दुसऱ्याच्या खिशात.

वर्गणी परवडत नसेल तर ओपन-सीपीएन हा मोफत कार्यक्रम लॅपटॉपवर चालतो, मार्ग आखायला उत्तम. त्यात टाकायला अमेरिकेचे नकाशे फुकट मिळतात. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशे विकत घ्यावे लागतात, ही माझी जुनी तक्रार आहे, पण ती वेगळ्या दिवशी.

“रेंज गेली की जीपीएस बंद.” चूक. फोन उपग्रहांचं ऐकतो, त्यासाठी टॉवर लागत नाही. नेट असलं तर पहिल्यांदा जागा लवकर सापडते, इतकंच. बंद पडतो तो न उतरवलेला नकाशा. दोन सिमचा खर्च वाचवून एक पॉवर बँक घ्या. फक्त टॅब नेणाऱ्यांनी जपावं: सिम नसलेल्या, नुसत्या वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते. घरी वाय-फायच्या आधाराने तो जागा दाखवतो, पाण्यात गेला की गप्प.

“तापी राष्ट्रीय जलमार्ग आहे, मार्ग ॲपमध्ये येतोच.” २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात तापी आहे, क्रमांक १००, लांबी ४३६ किलोमीटर. आपल्याला अभिमान आहेच. पण कायद्याच्या यादीत नाव येणं वेगळं आणि नदीत बोये टाकून, गाळ काढून, खोली राखून मार्ग तयार होणं वेगळं. या ४३६ किलोमीटरमध्ये सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे उकाई, काकरापार हे बंधारे आणि धरणं आडवी उभी आहेत. ॲपने सरळ रेघ आखून दिली तरी होडी डोक्यावर घेऊन किती वेळा चढणार? आणि मौज अशी की हा जलमार्ग सुरू होतो हतनूरच्या धरणापासून, खाली खंभातच्या आखातापर्यंत. आपण ज्या फुगवट्यात होडी घालतो, तो धरणाच्या वर आहे. म्हणजे ज्या जलमार्गाच्या जोरावर मेसेज उड्या मारतोय, त्यात आपलं पाणी मोजलेलंच नाही.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्याने टाकलं. शहाद्याच्या भावाने अंगठा दाखवला. पाण्याला भिणाऱ्याने विचारलं, “मग ॲप टाकू की नको?” टाक म्हटलं. अलिबागला मला ते लागतंच, हतनूरलाही परतीची दिशा आणि वेग बघायला उघडतो. फक्त पुढच्या टोकाला बसणाऱ्याच्या हातात खुणा केलेला बांबू असतो आणि तो दर थोड्या वेळाने पाण्यात घालून आकडा ओरडतो. रविवारी येतो म्हणालाय. पातळी बघून सकाळी सहाला निघू, लाइफ जॅकेट माझ्याकडे एक जास्तीचं आहे. बांबू त्यालाच आणायला सांगितलाय.